राल्फ बाक्षीच्या तीन ब्लू-रे: क्रमाने बघा, थांबवून थांबवून बघा

राल्फ बाक्षी कुठून सुरू करायचा असं विचारलं की दहातले नऊ जण ‘फ्रिट्झ द कॅट’ सांगतात. १९७२ चा तो सिनेमा म्हणजे अमेरिकेत ‘एक्स’ (फक्त प्रौढांसाठी) सर्टिफिकेट मिळालेला पहिला अ‍ॅनिमेशनपट. नाव मोठं, किस्से भरपूर. तरी सुरुवात तिथून करू नये. सुरुवात करावी तीन डिस्कपासून, आणि याच क्रमाने: ‘विझर्ड्स’ (१९७७), ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९७८), ‘फायर अँड आइस’ (१९८३). तिन्हींत एकच प्रयोग चालू आहे. पैसे पुरत नाहीत, म्हणून खऱ्या माणसांच्या फिल्मवरून चित्रं गिरवायची. ते गिरवलेलं दिसू द्यायचं की लपवायचं, याबद्दल दिग्दर्शकाचं मत मात्र प्रत्येक सिनेमात बदललेलं दिसतं. सुट्या बघितल्या तर तिन्ही डिस्क विचित्र वाटतात. ओळीने बघितल्या की एक माणूस सहा वर्षं त्याच गणिताशी झटापट करताना दिसतो.

आडनाव वाचून ब्योमकेश आठवला तर आठवू द्या, संबंध काही नाही. हा १९३८ साली हैफात जन्मलेला, ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिल वस्तीत वाढलेला ज्यू घरातला मुलगा. टेरीटून्स स्टुडिओत लागला तो सेल पुसायच्या कामावर. सेल म्हणजे ज्याच्यावर पात्र रंगवतात तो प्लॅस्टिकचा पारदर्शक ताव, आणि कॅमेऱ्याखाली जाण्याआधी त्याच्यावरची धूळ आणि बोटांचे ठसे पुसावे लागतात. तिथून तो रंगकामात गेला, मग अ‍ॅनिमेटर झाला आणि पंचविशीत दिग्दर्शक. साठच्या दशकाच्या शेवटी ‘स्पायडर-मॅन’च्या टीव्ही मालिकेचे पुढचे सीझन त्याच्याकडे आले. तीच उडी, तीच धाव, फक्त मागचं आकाश बदलून पुन्हा पुन्हा वापरायची, अशी ती मालिका. काटकसर तो तिथे शिकला. ‘फ्रिट्झ’मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या गल्ल्यांचे फोटो काढून घेतले आणि त्यांच्यावरून पार्श्वभूमी गिरवून घेतली. म्हणजे गिरवणं आधी भिंतींपासून सुरू झालं. माणसांची पाळी पाच वर्षांनी आली.

आता रोटोस्कोपचं, म्हणजे या गिरवण्याच्या युक्तीचं थोडं, कारण ते कळल्याशिवाय या डिस्कवर पैसे घालण्यात अर्थ नाही. युक्ती जुनी आहे, मॅक्स फ्लायशरने १९१५ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. आधी नट घेऊन दृश्य साध्या फिल्मवर चित्रित करायचं. मग प्रत्येक फ्रेम मोठी करून कागदावर छापायची, कागदाला भोकं पाडून पेग बारवर (कागद हलू नये म्हणून लावलेल्या खुंट्यांच्या पट्टीवर) अडकवायची, वर कोरा कागद ठेवायचा, खालून दिवा लावायचा आणि पेन्सिलीने बाह्यरेषा काढायची. ती रेषा सेलवर उतरवायची, सेलच्या मागच्या बाजूने रंग भरायचा, सेल पार्श्वभूमीवर ठेवून एकेक फ्रेम शूट करायची. सेकंदाला २४ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेमना वापरलं तरी सेकंदाला १२ चित्रं लागतात. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ सव्वादोन तासांच्या जरा आत संपतो, म्हणजे पडद्यावर सुमारे १ लाख ९० हजार फ्रेम.

ऐकायला हे सोपं वाटतं, बिघडायला जागा मात्र पुष्कळ. पहिली तक्रार थरथरीची. प्रत्येक चित्र वेगळ्या कागदावर नव्याने गिरवलेलं असतं, हात केसभर सरकतोच. फूटभर रुंद कागदावर रेषा एक मिलिमीटर हलली तर बारा मीटरच्या पडद्यावर ती चार सेंटिमीटर हलते. कपड्यांच्या घड्यांत हे सगळ्यात जास्त दिसतं, कारण कोणती घडी घ्यायची आणि कोणती सोडायची हे प्रत्येक कागदावर नव्याने ठरतं. आणि दर वेळी ते एकसारखं ठरत नाही. दुसरं दुखणं पावलांचं. नट खऱ्या जमिनीवर चालला, चित्रातली जमीन मात्र नंतर वेगळ्याच कुणीतरी रंगवली. टाच टेकते तिथे जमीन नसते, आणि पात्र बर्फावरून घसरल्यासारखं चालतं. तिसरं, डोळे. लांबच्या शॉटमध्ये छापील कागदावर बुबुळ म्हणजे जेमतेम टिंब. गिरवणारा टिंबच काढतो, आणि नटाची नजर तिथेच हरवते. ही तीन दुखणी डोक्यात ठेवून डिस्क लावा.

‘विझर्ड्स’

जग अणुयुद्धात संपलंय, लाखो वर्षांनी पऱ्या आणि बुटके परत आलेत, आणि दोन जादूगार भाऊ समोरासमोर उभे आहेत. दुष्ट भाऊ ब्लॅकवुल्फ. त्याच्या हाती जुना प्रोजेक्टर आणि नाझी प्रचाराची रिळं लागतात. ती रणांगणावर आकाशात दाखवली की त्याच्या राक्षसांना चेव येतो आणि समोरचे एल्फ बघतच राहतात, बघता बघता कापले जातात. या सिनेमाचं जुनं नाव ‘वॉर विझर्ड्स’. त्याच वर्षी ‘स्टार वॉर्स’ येत होता, म्हणून जॉर्ज लुकासच्या विनंतीवरून त्यातलं ‘वॉर’ गेलं. मार्क हॅमिलचा आवाज यातल्या एका छोट्या पात्राला आहे.

युद्धाची दृश्यं करायची वेळ आली तेव्हा बाक्षीने फॉक्स स्टुडिओकडे आणखी ५० हजार डॉलर मागितले. फॉक्सने दिले नाहीत. मग त्याने जुन्या युद्धपटांचे तुकडे घेतले, ‘अलेक्झांडर नेव्हस्की’, ‘एल सिड’, ‘झुलू’ आणि आणखी काही. फ्रेम फोटोकॉपी मशीनवर चिल्लर खर्चात मोठ्या करून घेतल्या. कॉन्ट्रास्ट इतका चढवला की माणसांच्या नुसत्या काळ्या आकृत्या उरल्या. त्यांना शिंगं, सुळे आणि लाल डोळे लावले, मागे पेटलेलं रंगीत आकाश. मोठ्या लढाईत थांबवून बघा: बादलीसारखी शिरस्त्राणं आयझेनस्टाइनच्या ‘नेव्हस्की’तल्या बर्फावरच्या सरदारांची आहेत, उंच ढाली ‘झुलू’तल्या. रिळं दाखवून लढाई जिंकणाऱ्या ब्लॅकवुल्फची गोष्ट, आणि ती सांगणारा दिग्दर्शकही दुसऱ्यांच्या रिळांवरच लढाई उभी करतोय. तिन्ही सिनेमांत रोटोस्कोप इतका चपखल कुठेच बसलेला नाही.

तो इथेच का बसला, तर गिरवलेल्या आकृत्या फक्त शत्रूच्या बाजूला आहेत. चांगली माणसं गोल नाकाची, साधी कार्टूनं. निवेदनाला माइक प्लूगची तपकिरी स्थिरचित्रं. ब्लॅकवुल्फच्या स्कॉर्च या राज्याला इयान मिलरची सुईच्या टोकाने काढल्यासारखी पेनची रेखाटनं. चार शैली आहेत आणि चौघींना आपापली ठरलेली जागा आहे, त्यामुळे खिचडी होत नाही. खटकतं ते दुसरंच. मधला प्रवास रेंगाळतो, दोन पुजाऱ्यांचा विनोदी प्रसंग तर संपता संपत नाही, आणि परी एलिनोरला कपडे न देण्याचं एकच कारण दिसतं, ते म्हणजे १९७७ साल.

डिस्क २०१२ ची, सिनेमाच्या पस्तिशीला काढलेली, सोबत २४ पानांचं पुस्तक. पुस्तक हेच वेष्टन आहे, म्हणून जुनी प्रत घेताना पाठीची शिवण आणि पुठ्ठ्याचे कोपरे आधी बघा. हाताने काढलेला भाग स्वच्छ आणि रंग भरलेले. युद्धाचा भाग जाड दाण्यांचा आणि मळकट. तो डिस्कचा दोष नाही, कॉपीची कॉपी अशीच दिसते, आणि टीव्हीवर शार्पनेस वाढवला तर आणखी वाईट दिसेल. शार्पनेस शून्यावर आणा. बाक्षीची कॉमेंटरी, म्हणजे सिनेमा चालू असताना ऐकू येणारं त्याचं बोलणं, हे या डिस्कचं खरं सोनं. माणूस बेधडक बोलतो, स्टुडिओवाल्यांबद्दल तर फारच.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’

हा टोल्किनच्या तीन पुस्तकांच्या कादंबरीवरचा सिनेमा: जादूची अंगठी नष्ट करायला निघालेला फ्रोडो हा हॉबिट, म्हणजे बुटका माणूस, त्याला वाट दाखवणारा जादूगार गॅन्डाल्फ, आणि मागावर असलेला दुष्ट सॉरॉन. ‘विझर्ड्स’मध्ये अडचणीतून सापडलेली वाट इथे आधीपासून ठरवून घेतलेली आहे. अख्खा सिनेमा आधी नट घेऊन चित्रित केला, लढायांसाठी स्पेनला जाऊन. बाक्षीचा एक आवडता किस्सा आहे. तिथल्या लॅबवाल्यांनी रिळं धुतली, तर फ्रेममध्ये विजेच्या तारा, मोटारी, काय काय. असलं भिकार काम बाहेर गेलं तर हॉलिवूडचं कुणी पुन्हा स्पेनमध्ये पाऊल ठेवणार नाही, म्हणून ती रिळं जाळून टाकायला निघाले होते म्हणे. त्या बिचाऱ्यांना काय माहीत की यातली फक्त माणसं गिरवायची आहेत, तारा कुणी काढणारच नाही.

पण गिरवायचं ठरलं तेवढं सगळं गिरवून झालं नाही, आणि हा सिनेमा तिथेच अडखळतो. काही शॉट पूर्ण गिरवून, रंगवून, नीट कार्टून झालेत. काही अर्धवट. काहींत तर चित्रित केलेली फिल्मच कॉन्ट्रास्ट चढवून, वर रंगाचा एक हात फिरवून तशीच ठेवली आहे. ब्री गावातल्या खानावळीचा प्रसंग बघा. फ्रोडो टेबलावर चढून गातो-नाचतो, तो स्वच्छ रेषांचा, सपाट रंगाचा. भोवती बसलेली गिऱ्हाइकं मात्र खरी माणसं, तपकिरी रंगात बुडवलेली, गालांवर खऱ्या सावल्या असलेली. एकाच खोलीत, एकाच टेबलाशी. इथे फ्रेम थांबवा आणि फ्रोडोच्या पायाखालचं टेबल बघा: पावलांची सावली त्याच्यावर पडतच नाही. ‘विझर्ड्स’मध्ये शैली बदलली की बाजू बदलायची. इथे शैली बदलली की वेळ आणि पैसा संपला एवढंच कळतं.

जिथे जमलंय तिथे मात्र अंगावर येतं. सुरुवातीचा इतिहास लाल पडद्यावरच्या नुसत्या सावल्यांनी सांगितलाय, खर्च कमी आणि परिणाम दणदणीत. काळे स्वार झाडाच्या मुळाशी लपलेल्या हॉबिटांचा वास घेत वाकतात, तो प्रसंग गिरवलेला असूनही जड आणि ओंगळ हालतो, कारण पायघोळ झग्यात पावलं दिसतच नाहीत आणि चेहऱ्याच्या जागी अंधार आहे. तीनपैकी दोन दुखणी आपोआप गेली. मोरियाच्या खाणीतले ऑर्क नावाचे राक्षस तसेच, काळोख आणि लाल डोळे. उलट गॅन्डाल्फ फ्रोडोच्या घरात अंगठीची हकीकत सांगतो तो प्रसंग बघा. तो इतके हातवारे करतो की थोड्या वेळाने माणूस ऐकायचं सोडून हातच बघतो. नटाने हालचाल वाढवून केली आणि गिरवणाऱ्याने ती निमूटपणे उतरवून घेतली. हाताने काढणारा अ‍ॅनिमेटर असता तर यातले निम्मे हात त्याने खाली ठेवले असते.

चुकाही गमतीच्या. सारुमान आणि सॉरॉन या नावांत घोळ होईल म्हणून सारुमानचा ‘अरुमान’ केला, पण सगळीकडे करायचं राहिलं, त्यामुळे दोन्ही नावं ऐकू येतात. बोरोमीरच्या डोक्यावर शिंगांचं शिरस्त्राण आहे. बॅलरॉग या आगीच्या राक्षसाचं तोंड सिंहाचं आणि पंख वटवाघळासारखे. आवाजांबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही: अ‍ॅरागॉर्न जॉन हर्ट, गॉलम पीटर वुडथॉर्प. पुढे बीबीसीने १९८१ मध्ये रेडिओवर ही कथा केली तेव्हा गॉलमसाठी वुडथॉर्पलाच परत बोलावलं.

विकत घेण्याआधी एक माहीत असू द्या. कथा हेल्म्स डीपच्या लढाईपाशी थांबते, म्हणजे दुसऱ्या पुस्तकाच्या मध्यात. बाक्षीला नावात ‘भाग पहिला’ हवं होतं. अर्ध्या सिनेमाचं तिकीट कोण काढेल म्हणून युनायटेड आर्टिस्ट्स या स्टुडिओने ते काढलं, प्रेक्षक चिडले, आणि दुसरा भाग कधीच आला नाही. अमेरिकेत ३ कोटी डॉलरच्या वर कमाई होऊनही. पीटर जॅक्सनने हा सिनेमा तरुणपणी पाहिला होता. बिल्बोच्या वाढदिवशी पाय टेबलावर टाकून ‘प्राउडफीट’ म्हणून ओरडणाऱ्या हॉबिटचा शॉट त्याच्या २००१ च्या सिनेमात जवळजवळ जसाच्या तसा आहे, आणि तो मुद्दाम ठेवल्याचं जॅक्सनने कबूल केलंय.

वॉर्नरची २०१० ची डिस्क साधी आहे. सोबत बाक्षीवरची अर्ध्या तासाची एकच फिल्म, कॉमेंटरी नाही. जिथे शॉटगणिक ‘हे असं का?’ विचारावंसं वाटतं नेमकं तिथेच ती नसावी, हे खटकतं. चित्र इतकं स्पष्ट आहे की सेलवरची धूळही दिसते. ती कुणीतरी पुसायला हवी होती, आणि हा दिग्दर्शक स्वतः त्या कामावर होता.

‘फायर अँड आइस’

गोष्ट पोस्टकार्डावर मावेल एवढी. बर्फाचा राजा नेक्रॉन हिमनदी पुढे सरकवत येतोय, आगीच्या राज्याची राजकन्या टीग्रा पळवली जाते, लार्न नावाचा तरुण तिच्यामागे निघतो. ८१ मिनिटं, संवाद मोजके. हा सिनेमा गोष्टीसाठी बघायचाच नाही. सोबतीला चित्रकार फ्रँक फ्राझेटा आहे, आणि त्याची माणसं हलती करायची एवढा एकच हट्ट आहे.

इथे रोटोस्कोप लपलेला आहे. रंगवलेली फिल्म कुठेही नाही, सगळं गिरवून, साफ करून, रंगवून घेतलेलं. आणि थरथर जवळजवळ गेलेली. त्याचं एक कारण अगदी व्यवहारी आहे: पात्रांच्या अंगावर कपडेच नाहीत. लंगोट आणि चामड्याचे पट्टे. घड्या नाहीत म्हणजे घड्यांची थरथरही नाही. अनवाणी पावलं नीट दिसतात, आणि ती जमिनीवर टेकतात. लार्न जंगलात फांद्यांवरून उड्या मारत पळतो तिथे एकेक फ्रेम पुढे करत जा. खाली उतरताना गुडघा वाकतो, मग खांदा पुढे जातो, मग हात टेकतो. अंगाचं वजन दिसतं, ‘लॉर्ड’मध्ये नेमकं तेच हरवलं होतं.

मर्यादा सेलचीच आहे. फ्राझेटाच्या तैलचित्रात पाठीच्या एका स्नायूला सहा-सात छटा असतात, अर्धं अंग काळोखात विरघळलेलं. सेलवर एक सपाट रंग, फार तर सावलीचा दुसरा. त्यामुळे माणसं फ्राझेटासारखी हालतात, फ्राझेटासारखी दिसत नाहीत. ती कसर पार्श्वभूमीने भरून काढलीय. ती रंगवणाऱ्यांत दोन तरुण होते, जेम्स गर्नी आणि थॉमस किंकेड. एकाने पुढे ‘डायनोटोपिया’ ही सचित्र पुस्तकमाला काढली, दुसरा उबदार खिडक्यांच्या झोपड्या रंगवून अमेरिकेतल्या घराघरांत पोचला. सिनेमाच्या दलदली आणि गुहा बघताना त्या झोपड्या आठवल्या की हसू येतं.

ब्लू अंडरग्राउंडच्या २००८ च्या डिस्कवर कॉमेंटरी आहेच, पण आधी लावा ती सिनेमा बनताना केलेली जुनी फिल्म. चित्र धूसर आहे, चालवून घ्या. मोकळ्या स्टेजवर लाकडी ठोकळ्यांवरून उड्या मारणारे नट आणि त्याच उड्या जंगलात, हे दोन्ही बघितलं की वरचं सगळं वर्णन दोन मिनिटांत कळतं. नेक्रॉन झालेल्या शॉन हॅननच्या डायरीतल्या नोंदीही ऐकण्यासारख्या आहेत.

घेताना आणि बघताना

भारत ब्लू-रेच्या ‘सी’ विभागात येतो, अमेरिका ‘ए’मध्ये. डिस्क मागवण्याआधी मागच्या कव्हरवरचं विभागाचं चिन्ह आणि घरचा प्लेअर, दोन्ही तपासा. डीव्हीडी घेत असाल तर आपला आकडा ५ आणि अमेरिकेचा १. मराठी-हिंदी सबटायटलची आशा धरू नका. फ्रेम पुढे सरकवायची सोय रिमोटवर आहे का ते बघा, बऱ्याच प्लेअरवर पॉज केल्यावर ते बटण चालतं. कॉम्प्युटरवर व्हीएलसीत ‘ई’ दाबलं की एक फ्रेम पुढे जाते, मागे मात्र येत नाही.

तिन्हींवर ‘पीजी’ (पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघा) लिहिलंय म्हणून लहान मुलांसमोर लावू नका. ‘पीजी-१३’ ही त्याहून कडक पायरी अमेरिकेत १९८४ मध्ये आली, त्याआधी ‘पीजी’च्या पोत्यात काहीही जायचं. ‘विझर्ड्स’मध्ये हिटलर आहे, ‘फायर अँड आइस’मध्ये कपड्यांची स्थिती वर सांगितलीच.

एकच घ्यायची असेल तर ‘विझर्ड्स’. अ‍ॅनिमेशन शिकत असाल तर ‘फायर अँड आइस’ आधी. ‘लॉर्ड’ एकटी घेऊ नका, मधली पायरी म्हणूनच ती कळते. पुढे ‘हेवी ट्रॅफिक’ (१९७३) घ्या. बाक्षीचा सगळ्यात चांगला सिनेमा तोच, ब्रुकलिनचा घाम येतो त्याला. ‘कूल वर्ल्ड’ (१९९२) टाळलात तरी चालेल. त्याची पटकथा बाक्षीच्या हातून काढून बदलली गेली होती आणि ते पडद्यावर दिसतं. त्याच्या हाताखालून गेलेली माणसं शोधायची तर १९८७ ची ‘मायटी माउस’ मालिका बघा, पुढे पिक्सारमध्ये ‘फाइंडिंग नेमो’ करणारा अँड्र्यू स्टँटन तिथे लेखक होता. टिम बर्टनने ‘लॉर्ड’साठी मधली, म्हणजे दोन मुख्य चित्रांना जोडणारी चित्रं काढली होती.

आणि एक फुकट बघण्यासारखं. २०१३ मध्ये बाक्षीने किकस्टार्टर या वर्गणीच्या वेबसाइटवर लोकांकडून १ लाख ६५ हजार डॉलर मागितले, थोडे जास्तच जमले. २०१५ मध्ये, सत्त्याहत्तराव्या वाढदिवशी, ‘लास्ट डेज ऑफ कोनी आयलंड’ आला, नंतर त्याने तो यूट्यूबवरही टाकला. २२ मिनिटं, आणि त्यातली पात्रं बहुतेक सगळी त्याने स्वतःच्या हाताने काढलेली. न गिरवता.